माघारीची वेळ छापा: एका दिवसात उघड्या शिखरांवर गट नेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
एकदिवसीय शिखरचढाया आयोजित करणाऱ्या सर्व गिर्यारोहण संस्था, ट्रेक आयोजक आणि लीडर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मोहिमेच्या माहितीपत्रकात शिखराची उंची असते, चालायचं अंतर असतं, जमायची वेळ असते आणि माथ्यावर हात उंचावलेल्या गटाचा फोटो असतो. किती वाजता मागे फिरायचं, हे मात्र बहुतेकदा नसतं. कोणत्या हवेत माथा सोडून द्यायचा, तो निर्णय कुठे होणार, कोण घेणार, यावरही एक ओळ नसते. लोक विश्वासाने नाव नोंदवतात. माथा गाठणं हा त्यांच्या लेखी ठरलेला कार्यक्रम असतो, आणि ठरलेला कार्यक्रम मोडायला माणसं सहजी तयार होत नाहीत.

म्हणून मागणी आधीच लिहून टाकतो. जिथे झाडी संपते तिथे प्रत्येक गट थांबवा. पुढे जायचं की परतायचं हे तिथेच, सगळ्यांसमोर ठरवा. आणि ते ज्यावर ठरणार ते निकष, म्हणजे घड्याळ, वारा, ढग आणि गटाची अवस्था, नाव नोंदवतानाच लोकांच्या हातात द्या. ही मागणी का करतोय, हे पुढे सविस्तर लिहिलं आहे.

उंचावर झाड कुठवर वाढेल हे मुख्यतः वाढीच्या हंगामातल्या उबेवर ठरतं. त्या हंगामाचं सरासरी तापमान साधारण ६ ते ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की उंच झाड तग धरत नाही, असं जगभरच्या पर्वतांवर दिसून आलं आहे. त्यामुळे वृक्षरेषा, म्हणजे झाडी संपते ती उंची, पूर्व हिमालयात ४,००० मीटरच्या आसपास असते, आल्प्समध्ये ती २,००० मीटरच्या थोडी वर असते आणि ध्रुवांकडे जावं तशी खाली उतरत जाते. शिखर ‘फक्त १,९०० मीटरचं’ आहे, या वाक्यावरून म्हणूनच काहीच कळत नाही. ते वृक्षरेषेच्या किती वर आहे आणि रेषेपासून माथ्यापर्यंत किती वेळ उघड्यावर राहावं लागतं, हे विचारायला हवं. माहितीपत्रकात तुम्ही समुद्रसपाटीपासूनची उंची ठळक छापता. त्याच्या शेजारी उघड्या टप्प्याची लांबी छापलीत, तर वाचणाऱ्याला खरी कल्पना येईल.

रेषा जवळ आली की झाडं बदलू लागतात. आधी बुटकी होतात. मग फांद्या फक्त आडोशाच्या बाजूला उरतात, वाऱ्याच्या तोंडावरची बाजू बोडकी होते. त्याहून वर तीच झाडं जमिनीला धरून झुडपासारखी पसरतात. तिथला वारा बहुतेक वेळा कुठून येतो आणि किती झोंबतो, हे नवख्या माणसालाही त्या फांद्यांवरून समजतं. लीडरने दोन मिनिटं थांबून एवढं दाखवलं, तरी पुढचं सगळं बोलणं सोपं होतं.

जंगलात असताना वाऱ्याचा अंदाजच येत नाही. झाडी त्याचा जोर मोडते, चढाने अंग तापलेलं असतं, लोक टी-शर्टवर चालत असतात. धारेवर परिस्थिती उलटते. बागेतल्या नळीचं तोंड बोटाने दाबलं की पाणी जसं जोरात उडतं, तसा डोंगरावर चढून येणारा वारा धारेवर आणि खिंडीत दाटतो आणि वेग घेतो. वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा जोर चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात माणूस कॉलर वर करून चालतो, ताशी ६० च्या वाऱ्यात पाऊल टाकताना तोल सांभाळावा लागतो, आणि अरुंद धारेवर तोल सांभाळण्यापुरतीही जागा नसते.

त्यात गारठा. हवेचं तापमान दर १,००० मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याला १५ अंश असतील, तर १,५०० मीटर वर ५ अंशांच्या आसपास असतील. तेवढ्या तापमानात ताशी ४० किलोमीटरचा वारा असला की उघड्या कातडीला उणे १ अंशासारखं वाटतं. हा हिशेब कोरड्या माणसाचा आहे. चढून आलेल्या माणसाची पाठ घामाने भिजलेली असते. सुती कपडे ते पाणी धरून ठेवतात आणि ओलं कापड अंगातली ऊब कोरड्यापेक्षा कितीतरी भराभर ओढून घेतं. ‘आज ऊन छान आहे’ म्हणून विंडचीटर गाडीत ठेवून आलेली माणसं प्रत्येक गटात असतात. त्यांना दोष देण्याआधी, विंडचीटर असल्याशिवाय येऊ देणार नाही असं तुम्ही स्पष्ट सांगितलं होतं का, ते बघा.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये माउंट वॉशिंग्टन आहे. उंची १,९१७ मीटर, पायवाट सोपी वाटावी अशी, आणि वृक्षरेषा केवळ १,३५० मीटरच्या सुमारास. १२ एप्रिल १९३४ रोजी त्या माथ्यावरच्या वेधशाळेने ताशी ३७२ किलोमीटरचा झोत मोजला. हा विक्रम पुढे साठेक वर्षं टिकला. मला तो विक्रम सांगायचा नाही. वर जाणाऱ्या वाटांवर, झाडी संपते त्या ठिकाणी, तिथल्या वनविभागाने पिवळे फलक लावले आहेत. त्यांचा आशय असा, की थांबा, पुढचा प्रदेश देशातल्या सर्वात वाईट हवामानाचा आहे, तिथे उन्हाळ्यातही माणसं गारठून मेली आहेत, हवा खराब असेल तर आत्ताच परत फिरा. फलक वाहनतळावर नाहीत, माथ्यावरही नाहीत. जिथे तो वाचून माणूस काही करू शकतो, त्या जागी ते आहेत. जिथे असा फलक नाही, तिथे ते काम तुमच्या लीडरने करायला हवं.

आता विजेबद्दल. यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण विजेच्या बाबतीत उशिरा घेतलेल्या निर्णयाला जवळजवळ काहीच किंमत नसते.

२२ ऑगस्ट २०१९. पोलंडमधल्या टाट्रा पर्वतात गिएव्होन्त नावाचं १,८९४ मीटरचं शिखर आहे. तिथे कुटुंबंच्या कुटुंबं एका दिवसात जाऊन येतात. शेवटच्या कातळटप्प्यावर आधारासाठी लोखंडी साखळ्या आहेत आणि माथ्यावर १९०१ साली उभारलेला १५ मीटर उंचीचा लोखंडी क्रूस आहे. त्या दिवशी सकाळी आकाश निरभ्र होतं. दुपारी वादळ आलं तेव्हा माथ्यावर आणि साखळ्यांवर माणसांची गर्दी होती. पर्वताच्या पोलिश बाजूला ४ जण गेले, त्यांत दोन लहान मुलं होती, आणि दीडशेहून अधिक माणसं जखमी झाली. वीज एका जागी पडून संपत नाही. ती कातळावरून, ओल्या भेगांमधून, साखळीमधून पसरत जाते. बरीच माणसं विजेच्या थेट आघाताने न जाता जमिनीतून पसरलेल्या प्रवाहाने किंवा त्या झटक्याने खाली पडून जखमी होतात. साखळी धरून रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तिथून पळून जायला वाटच नसते.

निरभ्र सकाळ आणि दुपारचं वादळ हा डोंगरातला नित्याचा क्रम आहे. सूर्य उतार तापवतो, तापलेली हवा उतारावरून वर चढते, वर तिचे ढग बनतात. दहा-अकराच्या सुमारास ते पांढरे, छोटे आणि निरुपद्रवी दिसतात. रुंदीपेक्षा उंची जास्त झालेला ढग दिसला की वादळाची तयारी सुरू झाली असं समजावं. तळ काळवंडला की फारसा वेळ उरलेला नसतो. कोलोरॅडोतल्या उंच शिखरांवर जाणाऱ्यांना दुपारी बाराच्या आत माथा सोडा असं सांगितलं जातं ते याचसाठी. माथ्यावर पोचून बारा वाजले तर तो नियम आधीच मोडलेला असतो.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की किलोमीटर मिळतात. गडगडाट ऐकू आला याचा अर्थ मात्र वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते, मग डोक्यावर ऊन असलं तरी. केस उभे राहिले, काठीचं टोक किंवा कातळ गुणगुणू लागला, तर वीज कुठल्याही क्षणी पडू शकते. काही लीडर अजूनही सांगतात की सॅकवर उकिडवे बसलं की माणूस वाचतो. उकिडवे बसणं हा खाली उतरायची शक्यताच नसताना करायचा शेवटचा उपाय आहे, आणि त्याचा भरवसा नाही. धार सोडा, माथा सोडा, एकट्या झाडाखाली किंवा कपारीच्या तोंडाशी थांबू नका, एकमेकांत बरंच अंतर ठेवून सखल दाट झाडीकडे उतरा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाव काढू नका. आणखी एक गोष्ट प्रत्येक लीडरला पाठ असावी. विजेचा धक्का बसलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही, त्याला हात लावणं सुरक्षित आहे. अनेकजण जखमी असतील तर ज्याचा श्वास थांबलेला दिसतो त्याच्याकडे आधी धावा. छातीवर दाब आणि कृत्रिम श्वास लगेच मिळाला तर असा माणूस परत येऊ शकतो.

हे सगळं माथ्यावर समजावता येत नाही. झाडी संपते तिथे समजावता येतं, आणि तिथून परत फिरलं तर पाच मिनिटांत आडोसा मिळतो.

घड्याळाचा हिशेब करण्याची रीत जुनी आहे. १८९२ साली स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी दिलेला आडाखा आजही वापरतात: दर ५ किलोमीटरला एक तास आणि त्यावर चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. समजा माथा ७ किलोमीटरवर आहे आणि चढ १,२०० मीटरचा आहे. तर नुसतं चढायला जवळपास साडेतीन तास झाले. हा हिशेब सराव असलेल्या माणसाचा, न थांबता चालण्याचा. वीस-पंचवीस जणांच्या मिश्र गटाला तेवढ्याच वाटेला पाच तास सहज लागतात, कारण गटाचा वेग म्हणजे त्यातल्या सर्वात संथ माणसाचा वेग, वर प्रत्येक कातळटप्प्यावर लागणारी रांग. अकरा वाजता माथा सोडायचा असेल तर सहाच्या आत पाऊल उचललं पाहिजे. तुमच्यापैकी अनेकजण लोकांच्या प्रवासाच्या सोयीने निघायची वेळ ठरवतात आणि मग माथ्याची वेळ जी येईल ती येईल असं धरून चालतात. हिशेब उलटा करा. खाली कधी परतायचं, झाडीत कधी परत यायचं, माथा कधी सोडायचा, रेषेवर जास्तीत जास्त किती वाजता पोचायला हवं, आणि मग निघायचं कधी. त्यातली रेषेवरची वेळ छापा. त्या वेळेला गट तिथे पोचला नसेल तर वर जायचं नाही, मग आकाश कितीही स्वच्छ असो. असं लिहून ठेवलेलं असलं की लीडरला तिथे कुणाशी हुज्जत घालावी लागत नाही.

थंडीने जाणारी माणसं हिवाळ्यातच जातात, हा समज मोठमोठ्या आयोजकांनाही महागात पडला आहे. १६ जुलै २००९ रोजी जपानमधल्या होक्काइदो बेटावर तोमुराउशी या २,१४१ मीटरच्या शिखरावर व्यावसायिक सहलीचा १८ जणांचा गट पाऊस आणि जोराच्या वाऱ्यात सापडला. त्यांतले ८ जण गारठून गेले, त्यात एक मार्गदर्शक होता. भर उन्हाळा होता. मोहीम अनेक दिवसांची होती आणि त्या दिवशी सकाळी निवारा सोडून पुढे निघायचं ठरलेलं होतं. हवा सुधारेल या अपेक्षेने ते निघाले. गट वाटेत फुटला, कमजोर पडलेल्या माणसांशेजारी कुणी थांबलं, कुणी पुढे गेलं. पुढच्या मुक्कामाचं, परतीच्या प्रवासाचं बांधलेलं वेळापत्रक माणसाला कसं पुढे ढकलतं, हे ज्याने मोठा गट नेला आहे त्याला सांगायला नको.

दुसरं उदाहरण चीनमधल्या गान्सू प्रांतातलं. २२ मे २०२१ रोजी तिथे १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत होती, १७२ धावपटू. दुसऱ्या आणि तिसऱ्या थांब्यांदरम्यानचा चढ उजाड होता, गाडी पोचेल असा रस्ता तिथे नव्हता. दुपारी गारा, गोठवणारा पाऊस आणि वादळी वारा आला. २१ जण मृत्युमुखी पडले. ही माणसं अत्यंत तंदुरुस्त होती, त्यांतले काही देशातले नावाजलेले धावपटू होते. बहुतेकांच्या अंगावर धावण्याचे तोकडे कपडे होते, कारण वारारोधक जॅकेट आयोजकांनी सक्तीच्या यादीत ठेवलेलं नव्हतं. एका मेंढपाळाने आपल्या आडोशाच्या गुहेत शेकोटी पेटवून सहा जणांना वाचवलं. तंदुरुस्ती गारठ्यापासून वाचवत नाही. आडोसा आणि कोरडं कापड वाचवतं. आणि ‘बरोबर असल्यास उत्तम’ या शीर्षकाखाली लिहिलेली वस्तू लोक आणत नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहीत आहे.

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की गारठा धोकादायक टप्प्यात शिरतो, पण त्याआधीच खुणा दिसू लागतात. जॅकेटची चेन लावताना बोटं चुकतात. सपाटीवर पाय अडखळतो. बोलणारा माणूस गप्प होतो किंवा उगाच चिडतो. थोडी विचारपूस केली तर ‘मी ठीक आहे’ असंच उत्तर मिळतं, आणि ते उत्तर ग्राह्य धरायचं नसतं, कारण विचार करण्याची ताकदच आधी मंदावते. रेषेवर थांबल्यावर लीडरने प्रत्येकाशी दोन वाक्यं बोलावीत, प्रत्येकाला समोर विंडचीटर घालायला लावावं. वारा लागण्याआधी अंगात घातलेलं विंडचीटर ऊब टिकवतं. वारा लागल्यावर, थरथरत्या हातांनी, उडणारी सॅक सांभाळत ते काढणं आणि घालणं हे काम वेगळंच होऊन बसतं. मला तर वाटतं, रेषेवरच्या थांब्याचा हा एकच उपयोग असता तरी तो सक्तीचा करावा.

यादी फार लांब नको, पण त्यातली प्रत्येक वस्तू सक्तीची असावी: वारा आणि पाऊस दोन्ही अडवणारं जॅकेट, लोकरीचा किंवा फ्लीसचा एक कोरडा थर, टोपी, हातमोजे, डोक्याला लावायची बॅटरी, प्यायला पुरेसं पाणी आणि जादा खाणं. गटासाठी निवाऱ्याचं मोठं कापड, प्रथमोपचार, कागदी नकाशा आणि होकायंत्र. थंडीत मोबाइलची बॅटरी भराभर उतरते, म्हणून तो आतल्या खिशात ठेवावा आणि त्याच्या एकट्यावर वाट सोपवू नये. उन्हाचंही विसरू नका. दर १,००० मीटरला अतिनील किरणांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते आणि ताजा बर्फ त्यातला मोठा भाग खालून परत चेहऱ्यावर फेकतो. गार वाऱ्यात भाजल्याचं जाणवत नाही, संध्याकाळी कळतं.

विरळ हवेबद्दल थोडक्यात. ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के असतो. सखल भागातून येऊन त्याच दिवशी इतकं चढणाऱ्याला डोकेदुखी, मळमळ होऊ शकते. गोळी देऊन त्याला आणखी वर नेऊ नका. खाली उतरवणं हाच उपाय आहे.

खोल दरी दिसताच वाटणाऱ्या भीतीबद्दल मात्र तुम्ही पुरेसं बोलत नाही. दोन्ही बाजूंना दरी असलेली धार, पायाखाली घसारा, हाताला सैल कातळ. अशा जागी काही माणसं अचानक थिजतात. त्यात भित्रेपणा काही नाही, आणि ‘खाली बघू नकोस’ असं ओरडून ती सुटत नाहीत. चढताना नजर वर असते, पकड डोळ्यांसमोर असते. उतरताना पाय कुठे टाकायचा ते दिसत नाही, मांड्या थकलेल्या असतात, माथा झाल्याच्या आनंदात लक्ष सैल पडलेलं असतं. घसरून पडण्याच्या घटना उतरताना जास्त घडतात त्या याचमुळे. चढता आलं म्हणजे उतरता येईलच असं नाही, हे कातळटप्प्याच्या पायथ्याशी सांगितलं पाहिजे, अर्ध्यावर अडकल्यावर नव्हे. वाटेत असा टप्पा असेल तर त्याचा फोटो माहितीपत्रकात द्या. माथ्यावरच्या फोटोपेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

ढग खाली उतरला की सपाट माथ्यावर दिशा हरवते. वाट दाखवणाऱ्या दगडांच्या लगोऱ्यांपैकी एकीवरून दुसरी दिसेनाशी होते आणि पाय आपोआप उताराच्या दिशेला, बहुधा चुकीच्या सोंडेवर वळतात. वर जाताना प्रत्येक फाट्याशी थांबून मागे वळून वाट कशी दिसते ते गटाला दाखवणं ही जुनी सवय आहे, ती मोडू देऊ नका. मदत मागायची खूणही सगळ्यांना शिकवा: मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा बॅटरीचा झोत, मग एक मिनिट थांबून पुन्हा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं.

आता व्यवस्थेचा मुद्दा, जो तुम्ही सोडून दुसरं कुणी सोडवू शकत नाही. रेषेवर निर्णय घ्यायचा तर तिथून काहीजण परततील आणि काहीजण पुढे जातील अशी वेळ येणार. परतणाऱ्या माणसाला एकट्याने खाली पाठवायचं नसतं, आणि पुढच्या गटाला लीडरविना सोडायचं नसतं. म्हणजे गट कितीही लहान असो, किमान दोन जाणते लीडर हवेत, आणि गट मोठा असेल तर तीन. एकच लीडर असेल तर नियम साधा ठेवा: एक परतला की सगळे परतले. बहुतेक गटांत एका अनुभवी माणसामागे हौशी स्वयंसेवकांची रांग असते. त्यामुळे थकलेल्या माणसाला ‘थोडंच राहिलंय, चल’ असं म्हणत ओढत नेलं जातं, कारण त्याला खाली नेणारं कुणी नसतं.

आणि पैसे. माथा झाला नाही तर लोक भांडतात, पैसे परत मागतात, वाईट अभिप्राय लिहितात, हे मला माहीत आहे. म्हणूनच हे पत्र एकेका लीडरला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहितोय. एका आयोजकाने कडक नियम केला आणि बाकीच्यांनी नाही केला, तर लोक त्याला सोडून दुसरीकडे जातील. सगळ्यांनी मिळून केला तर तो नियम राहील. माथ्याची हमी देणारी वाक्यं जाहिरातीतून काढा. माथा गाठणाऱ्यालाच पदक, प्रमाणपत्र असं काही ठेवू नका. लीडरचं मानधन माथ्यावर अवलंबून असेल तर ते आजच बंद करा. लीडरने गट परत आणला की कार्यालयातून त्याची पाठराखण झाली पाहिजे, तीही लोकांसमोर. रेषेवर उभ्या असलेल्या, तिशीही न गाठलेल्या पोराच्या मागे सगळा गट ‘आता एवढं आलोय तर’ म्हणत उभा असतो. त्याच्या हातात तुमचा छापील नियम असेल तरच त्याला ‘नाही’ म्हणता येतं.

काहीजण म्हणतील, अशाने डोंगरातलं धाडसच संपेल. उघड्या शिखरावर उभं राहण्याची ओढ मला कळते. ढगांच्या वर आलेला माथा, तिन्ही दिशांना पसरलेल्या रांगा, झाडीतून बाहेर पडताच अचानक मोठं झालेलं आकाश, यासाठीच तर आपण जातो. ज्याला धोका माहीत आहे आणि जो तो स्वतः पत्करतो त्याच्या धाडसाबद्दल माझं काही म्हणणं नाही. तुमच्याबरोबर पहिल्यांदा येणाऱ्याला तो धोका माहीतच नसतो. त्याच्या वतीने तो तुम्ही पत्करत असता.

एक विनंती त्या जागेसाठीही. रेषेच्या वर जमिनीलगत उशीसारखी पसरणारी जी रोपं असतात त्यांची वाढ अतिशय मंद असते. मॉस कॅम्पियनसारखं एखादं रोप शंभराहून अधिक वर्षांचं असू शकतं आणि बुटांखाली तुडवलेला पट्टा सावरायला दशकं लागतात. रेषेवर थांबाल तेव्हा हेही सांगा: पाय कातळावर किंवा मळलेल्या वाटेवर, फोटोसाठी हिरवळीवर पसरायचं नाही.

पुढच्या हंगामाची माहितीपत्रकं तुम्ही लिहायला घ्याल तेव्हा पुढचा मजकूर जसाच्या तसा वापरायला माझी हरकत नाही. वेळा आणि आकडे तुमच्या शिखराप्रमाणे घाला.

“ही चढाई माथ्यापर्यंत जाईलच असं नाही. झाडी संपते तिथे गट थांबेल. … वाजेपर्यंत सगळे तिथे पोचले नाहीत, गडगडाट ऐकू आला, ढग उंच वाढताना दिसले, वाऱ्यात तोल जात असेल किंवा कुणाची प्रकृती ठीक नसेल, तर गट तिथून परत येईल. तिथून पुढे … किलोमीटर आडोसा नाही. वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, गरम थर, टोपी, हातमोजे आणि बॅटरी नसलेल्या व्यक्तीला सुरुवातीच्या ठिकाणाहूनच घरी पाठवलं जाईल. माघारीचा निर्णय लीडरचा असेल आणि संस्था त्याच्या पाठीशी असेल.”

यातला एखादा निकष तुमच्या डोंगराला लागू होत नसेल, किंवा याहून चांगला निकष तुम्ही वापरत असाल, तर तो सगळ्यांना कळेल अशा रीतीने जाहीर करा, म्हणजे इतरांनाही घेता येईल. आणि माझ्यासारखे जे तुमच्याकडे नाव नोंदवतात त्यांनी यापुढे पैसे भरण्याआधी रेषेवरची वेळ कोणती, हा प्रश्न विचारावा, असं मी त्यांनाही सांगणार आहे.

कळावे,
तुमच्या गटांमधून अनेक वर्षं चालत आलेला एक ट्रेकर